नववीला कोण विचारतंय

पप्पा, तुमच्या एका वाक्याचा आज मला भयंकर राग आलाय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, राग काढायचा तरी कुणावर, म्हणून लिहायला बसलेय.

ते वाक्य तुम्ही मोरीत हात धुताना बोलला होतात. मी नववीत, सहामाहीत गणित आणि विज्ञान दोन्हीत नापास. काळेवाडीच्या आपल्या खोलीत प्रगतिपुस्तक धरून मी दाराशी उभी. तुम्ही पहिली शिफ्ट करून आलेले, हाताचं ऑइल निघता निघत नव्हतं. आता हिला मार बसणार म्हणून आईनं तोंड फिरवलेलं. आणि तुम्ही ओल्या हातानं सही करून म्हणालात, "नववीला कोण विचारतंय? दहावीत दाखव." कंपनीत लागताना तुमच्याकडे दहावीचंच मार्कशीट मागितलं होतं ना. मीही दहावीत दाखवलं, त्यावर डिप्लोमा झाला, चाकणला नोकरी लागली. माझी नववी आजतागायत कुणी विचारलेली नाही. त्या वाक्यानं मी तरले, हेही खरं.

आता तुमची नात. तुम्ही बघितलीच नाही तिला. बारावीत आहे, पण शाळा अमेरिकन पद्धतीची. पुढे तिकडेच शिकायचंय तिला, आणि ते स्कॉलरशिप मिळाली तरच. आज शाळेत समुपदेशक मॅडमनी आम्हा दोघींना बोलावलं होतं. त्यांनी काय समजावलं ते सांगते. तिथे टक्के नसतात. प्रत्येक विषयाला एक अक्षर, ए मिळालं तर चार गुण, बीला तीन, सीला दोन. सगळे गुण मिळवायचे, जेवढे विषय तेवढ्यानं भागायचं, येईल तो जीपीए. इथवर ठीक, कंपनीत मी दिवसभर पार्टच्या मापांची सरासरीच काढते. पण मॅडम पुढे म्हणाल्या, नववीपासूनचं सगळं त्यात धरतात, आणि नववीचं वजन अकरावीइतकंच. मी तिथेच बोटांवर हिशोब केला, पप्पा. पोरीची अकरावी सगळी ए. दहावी निम्मी ए, निम्मी बी. नववीत मात्र निम्मी बी आणि निम्मी सी. स्कॉलरशिपला साडेतीन लागतात, हिचे होतात तीन पूर्णांक तेहतीस.

तिच्या नववीत आई आमच्याकडे होती. शेवटचं वर्ष तिचं. आम्ही दोघं नवराबायको कामावर, आणि शाळेतून आल्यावर आईला भरवणं, कूस बदलणं, औषध, सगळं हीच करायची. मार्क घसरले तेव्हा मीच तिला म्हणाले होते, नववीला कोण विचारतंय, आजीजवळ बस. अगदी तुमच्या सुरात.

मॅडम म्हणाल्या, अर्जात एक जागा असते, त्या वर्षी घरी काही अडचण असेल तर तिथे लिहा, कॉलेजवाले विचार करतात. माझ्या जिवात जीव आला. मी तोंड उघडणार तोच ही म्हणाली, काही अडचण नव्हती. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी टेबलाखालून तिचा हात दाबला, तिनं तो काढून घेतला. रावेतच्या शाळेतून येताना गाडीवर मागे बसली, पण मला धरलं नाही, मागची दांडी धरून बसली. सिग्नलला मी आरशात तिच्याकडे बघत होते आणि ती दुसरीकडे. घरात शिरल्या शिरल्या माझा तोल गेला. एवढी सोन्यासारखी संधी, एक ओळ लिहायला काय जातंय तुझं, असं तोंडाला येईल ते बोलले. ती स्वयंपाकघरात पाणी पीत होती. ग्लास संपवला आणि मग म्हणाली, "आजी अडचण होती का, मम्मी?"

मी म्हणाले, चुकलं माझं, मला यांची ही पद्धत माहीत नव्हती. "मला माहीत होती," ती म्हणाली. "नववीच्या सुरुवातीलाच शाळेत सांगितलं होतं, सगळं धरतात म्हणून." मग बोलली का नाहीस? तर म्हणे, तू रोज बस चुकेल म्हणून पळत असायचीस, आणि आजी एकटी असायची. आवाजसुद्धा चढवला नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं. अर्ज सोमवारी जायचाय. ती जागा अजून रिकामी आहे आणि दार वाजवायची माझी हिंमत होत नाही.

मघाशी बाहेरूनच तिला म्हणाले, तेव्हा सांगितलं असतंस तर मी आजीसाठी बाई ठेवली असती. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते, पप्पा. तिनं सांगितलं असतं तरी मी बाई ठेवली नसती. नववीला कोण विचारतंय, असं म्हणून कंपनीची बस पकडली असती.