रकाना क्रमांक सहामधील एकेचाळीस बायका

प्रति,
मा. श्री. मोरेश्वर दाते,
प्रमुख, पडताळणी विभाग,
पुनर्वसन साहाय्य निधी, मिरकाब, कुवेत.

विषय: हमोंग निर्वासित वसाहतीच्या कुटुंबयादीतील रकाना क्र. ६ रद्द करून १७ तारखेची बस थांबवणेबाबत.
संदर्भ: ‘उपजीविकेचे पर्याय’ हा आपण मंजूर केलेला अहवाल, अर्जदाराचे यापूर्वीचे तीन इंग्रजी अर्ज (अनुत्तरित).

महोदय,

१. सदर अहवालातून अर्जदार परीक्षित रेगे यास काय मिळणार होते, ते आधीच सांगून टाकलेले बरे. बढती, आणि बढतीच्या जोरावर कुटुंबाचा व्हिसा. म्हणजे नाशिकला राहिलेली बायको सुजाता व मुलगी उर्वी. चार वर्षे भिंतीवरच्या फोटोशी जेवलेल्या माणसाने अहवाल लवकर संपवला, यात नवल नाही.

२. लाओसच्या डोंगरांतून परागंदा होऊन शेजारच्या देशात आलेल्या या लोकांनी नव्या जागी पोट कसे भरावे, एवढाच प्रश्न होता. अर्जदाराने दोन पर्याय सुचवले: भाजीपाल्याचे मळे आणि बायकांचे भरतकाम केंद्र. मळे कुटुंबागणिक वाटायचे म्हणून त्याने मिरकाबच्या वातानुकूलित खोलीत बसून कुटुंबे पाडली. एका घरात एक आडनाव, ते कुटुंब. आडनाव जुळेना, ती व्यक्ती रकाना सहामध्ये, ‘कुटुंबाबाहेरील रहिवासी’. अशा एकेचाळीस निघाल्या. सगळ्या बायकाच कशा, हा प्रश्न अर्जदारास पडला नाही. आपणांसही पडला नाही. यादी फार स्वच्छ आहे, असा शेरा आपल्या अक्षरात आहे.

३. पुढे बढती झाली, व्हिसाचे कागद गेले आणि परत आले. सुजाताच्या पासपोर्टवर अजून माहेरचे कर्णिक होते. अर्जदाराने विवाहनोंदणीचा दाखला व प्रतिज्ञापत्र जोडले. खिडकीपाशी आपला मंदूब मजीद, जो निधीचे सगळे सरकारी कागद फिरवतो, तो हसत म्हणाला, “रेगेसाब, माझ्या बायकोचं आडनावसुद्धा तिच्या बापाचं आहे. आमच्यात बदलतच नाही. मग आमच्या घरातून कुणाला बाहेर काढाल?”

४. अर्जदाराने परत येऊन यादी पुन्हा उघडली. हमोंग लोकांत एका कुळात लग्न होत नाही आणि लग्नानंतर मुलगी बापाचे कुळनाव सोडत नाही. आपल्याकडे पत्रिकेआधी गोत्र बघणारी माणसे आपण. निम्मी गोष्ट तरी कळायला हवी होती. त्या एकेचाळीस जणी त्या-त्या घरच्या बायका आहेत. त्यांची अडुसष्ट मुले बापाच्या नावाची, म्हणून ती यादीत बिनचूक बसली.

५. तोवर वसाहतीच्या प्रशासनाने रकाना सहा उचलला होता. कुटुंबाबाहेरच्यांना सीमेवरच्या छावणीत हलवण्याचा हुकूम निघाला. ९ तारखेच्या बसने क्र. १ ते १२ गेल्या; उरलेल्या एकोणतीस जणी १७ तारखेच्या बसने जायच्या आहेत. गेलेल्या बारा जणींचा छावणीतून निरोप नाही, आणि फोन उचलणाराही आता ‘अशी कोणी आली नाही’ म्हणतो. क्र. १९ माय ली हिचा नवरा च्यू वांग याने दुभाष्यामार्फत विचारले, “अकरा वर्षं ती माझ्या चुलीपुढे बसते. कुवेतमध्ये बसून तिला परकी कोणी ठरवलं?” त्याच फोनवर अर्जदाराने वडीलधाऱ्यांकडून विवाहांची नोंद मागवली.

६. आपणांस प्रत्यक्ष भेटल्यावर आपण दार लोटून म्हणालात, “परीक्षित, रकाना चुकला तर अहवाल चुकला. अहवाल चुकला तर तुझी बढतीही चुकली. बुक्रा बोलू.” या ‘उद्या’ला आज आठ दिवस झाले; ९ तारखेची बस याच आठ दिवसांत सुटली. दरम्यान हीच पद्धत आणखी चार वसाहतींना लावण्याचे पत्र आपल्या सहीने सुटले. तिथले रकाना सहाचे आकडे येऊ लागले आहेत. तेही स्वच्छच आहेत.

७. अर्जदाराची बढती काढून घ्यावी, व्हिसा गेला तर जाऊ द्यावा. मात्र ‘रकाना सहा चुकीचा आहे’ एवढी एक ओळ आपल्या सहीने १७ तारखेपूर्वी जावी. अर्जदाराच्या सहीला तिथे किंमत नाही, हे त्याने स्वतः सही करून पाहिले आहे. आपल्या बायकोसाठी त्याने प्रतिज्ञापत्र लिहिले; या बायकांसाठी लिहिणारे इथे दोघेच आहेत, आणि दुसरे आपण.

८. तूर्त जमेला असे दिसते: आपल्याकडे चार नव्या वसाहती, अर्जदाराकडे सुजाता व उर्वी, ज्या मंगळवारी विमानतळावर उतरल्या. उर्वी रात्री आईचा हात सोडत नाही.

आपल्या एका ओळीच्या प्रतीक्षेत, आपला नम्र,
परीक्षित रेगे
दि. १४ नोव्हेंबर, मिरकाब

सोबत:
(१) एकेचाळीस विवाहांची वसाहतीतील वडीलधाऱ्यांनी दिलेली नोंद.
(२) अर्जदाराचा राजीनामा, तारीख कोरी.
(३) भरतकाम केंद्रासाठी मागवलेला नमुना, माय ली हिच्या हातचा, काल कुरिअरने आलेला. डावीकडे डोंगर, मध्ये नदी, उजवीकडे बस. बसवर आपल्या निधीचे चिन्ह हुबेहूब काढले आहे. खिडक्यांत बायका एकेचाळीस. रस्त्यावर उभी मुले अडुसष्ट. अर्जदाराने दोनदा मोजली.