संयमाचे पाच गुण

हिंगोली
११ फेब्रुवारी २००७

प्रिय शिवकन्या,

हे अक्षर तू ओळखशील की नाही, ठाऊक नाही. दहा वर्षं झाली. तुझा पत्ता मला देवलानं दिला, वसतिगृहात तुझ्या खोलीत राहायची ती. परवा बसस्टँडवर भेटली. तिनं सांगितलं की तुला कनेरगाव नाक्याला दिलंय, तिथं तू अंगणवाडी चालवतेस आणि गावातली लेकरं तुला सोडून घरी जायला तयार नसतात. ऐकून बरं वाटलं. माझ्याशी बोलण्यासारखं तुझ्याकडे काही उरलं नसेल तर हे पत्र इथंच घडी घालून ठेव, मला राग येणार नाही. पण जमलं तर शेवटपर्यंत वाच. तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती पहिल्याच ओळीत विचारायची माझी हिंमत नाही.

माझं चाललंय. बाबा जाऊन चार वर्षं झाली. आई माझ्याजवळच असते, तिला आता कमी ऐकू येतं. दुपारी चार-चार तास लाईट नसते, मग दारात खुर्ची टाकून बसते आणि तपासायचे कागद मांडीवर घेते. कॉलेजचं ते मासिक वार्तापत्र, आपली ‘ओसरी’, इतकी वर्षं माझ्याकडेच होती. दर जानेवारीत मत-लेखनाची स्पर्धा, साठ-सत्तर लेख. पर्यावरण, हुंडा, आता नवीन म्हणजे मोबाइलचे फायदे-तोटे. सगळे गुळगुळीत. शेवटी ‘आपण सर्वांनी मिळून विचार केला पाहिजे’. कुणाला कशाचा राग आलाय, कुणाला काय हवंय, कशाचा पत्ता नाही. वाचताना मी शिणून जाते. त्यांना असं लिहायची सवय कुणी लावली, हा विचार यायला लागल्यापासून जास्तच शिणते.

तुझा लेख आला तो सत्त्याण्णवच्या जानेवारीत. तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. मला नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं, अजून कायम झाले नव्हते, मराठी शिकवायचे आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही मीच. संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नात वसतिगृहातल्या चौदा मुलींना दोन दिवस पोळ्या लाटायला नेलं होतं, त्यावर तू लिहिलंस. ‘आम्ही शिकायला आलो की लाटायला’ असं शीर्षक. तुझं अक्षर मोठं आणि उजवीकडे झुकलेलं, शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच. पण एक वाक्य मी अजून विसरले नाही. तू लिहिलं होतंस की आमच्या गावात मेंढरं राखणाऱ्या माणसालाही विचारतात, आज जातोस का; आम्हाला कुणी विचारलं न्हाई.

गुण द्यायचा कागद मीच आखलेला होता. मुद्दा, पुरावा, मांडणी, भाषा, संयम, प्रत्येकी पाच. मुद्द्याला मी तुला तीन दिले, पुराव्याला एक, संयमाला शून्य. आणि लाल पेननं समासात लिहिलं, ‘पुरावा अपुरा. लेखिकेने भावनेला आवर घालावा.’ तू कागद घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘मॅडम, ह्यात खोटं काय हाय?’ मी म्हणाले, खोटं नाही गं, पण लेख असा नसतो. तू म्हणालीस, ‘मग कसा असतो?’ मला तासाला उशीर होतोय असं सांगून मी निघून गेले. तास नव्हता. ग्रंथालयाच्या मागं जाऊन उभी राहिले.

त्या महिन्याच्या अंकात तुझ्या जागी वृक्षारोपणावरचा लेख छापला. त्याला पहिलं बक्षीसही मीच दिलं.

पुराव्याबद्दल तुला सांगायलाच हवं. तू लिहिलं होतंस की त्या दोन दिवसांच्या हजेरीवर चौदा जणींच्या नावापुढं ‘श्रमदान शिबिर’ असा शेरा आहे. तो शेरा माझ्या हातचा होता. प्राचार्यांनी सांगितलं आणि मी लिहिला. ही गोष्ट तू लेखात लिहिलीस, पण शेरा कुणी लिहिला ते लिहिलं नाहीस. तुला माझं अक्षर माहीत होतं, फळ्यावर रोज बघायचीस. मला सांभाळून घेतलंस हे मला त्याच वेळी कळलं होतं. आणि त्या लग्नात मी बायकांच्या पंगतीत बसून जेवले होते. पलीकडं पत्र्याच्या मांडवात तुम्ही चुलीच्या धुरात होता. देवला पोळ्यांची टोपली घेऊन वाढायला आली तेव्हा मी मान वर केली नाही.

तुझा लेख प्राचार्यांच्या टेबलावर कसा गेला, याचा तुला तेव्हा प्रश्न पडला असेल. मीच नेला. सल्ला घेते असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळलं तर माझी नोकरी जाईल, ही भीती होती. आमच्या घरात पहिली नोकरी माझी. तुझ्याही घरात कॉलेजात आलेली तू पहिलीच, हे तेव्हा मी मोजलं नाही.

चार दिवसांनी तुझे वडील आले. ज्ञानबा हे नाव मला वसतिगृहाच्या फॉर्मवरून माहीत होतं, बघितलं त्या दिवशी. कुणाची तरी मेंढरं मागं सोडून जवळा बाजारहून पहिल्या गाडीनं आले होते. घोंगडी खांद्यावर, सकाळपासून व्हरांड्यात उकिडवे बसून. मला म्हणाले, ‘बाई, पोरीनं चोरी-बिरी केली का?’ मी नाही म्हटलं. ‘मग मला काहून बलावलं?’ मी म्हणाले, प्राचार्य सांगतील. तुला व्हरांड्यात थांबवून आत प्राचार्यांनी त्यांना सांगितलं की मुलीची संगत बिघडली आहे, वेळीच घरी न्या, लग्नाचं बघा. मी त्या खोलीत उभी होते, शिवकन्या. रेक्टर म्हणून मला बोलावलं होतं. तुझ्या वडिलांनी प्राचार्यांकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. मी नुसतं ‘न्हाई’ म्हणाले असते तरी त्यांनी विश्वास ठेवला असता. दुपारच्या गाडीनं ते तुला घेऊन गेले. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट राहिलं. त्याच वर्षी जूनमध्ये मी कायम झाले.

आता इकडची बातमी. यंदाच्या स्पर्धेत सपना नावाच्या मुलीचा लेख आला. आखाडा बाळापूरची आहे, कमी बोलते. अध्यक्षांच्या एकसष्टीला मुलींना भांडी घासायला नेलं, त्यावर. दहा वर्षांत पोळ्यांची भांडी झाली, बाकी सगळं तेच. तोच कागद समोर होता, तेच पाच रकाने. संयमापाशी आले आणि पेन खाली ठेवला. शौर्य वगैरे काही अंगात आलं नव्हतं. फार थकवा आला होता, पुन्हा तेच लिहायचं त्राण नव्हतं. मी कागद बाजूला सारला आणि लेख जसाच्या तसा पुनमचंदच्या छापखान्यात दिला. अंक निघाला, संस्थेनं दुपारपर्यंत गठ्ठे परत गोळा केले, पण एक प्रत बाहेर गेलीच आणि विद्यापीठापर्यंत पोचली. विद्यापीठानं चौकशी समिती नेमली आहे.

मागच्या आठवड्यात प्राचार्यांनी, हे नवीन आहेत, एक टाइप केलेला कागद पुढं केला. ‘यापूर्वी अशी तक्रार विद्यार्थिनींकडून कधीही आलेली नाही.’ म्हणाले, ‘मॅडम, एवढी सही करा, तुमची तकलीफ मिटंल.’ मी सहीच्या जागी लिहिलं की सत्त्याण्णव साली एक लेखी तक्रार आली होती, ती मी दाबली, आणि हजेरीवरचा खोटा शेरा माझा आहे. त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या आणि कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडून घेतल्या. पुढं काय होईल ते होईल. आईला अजून सांगितलेलं नाही.

समिती बावीस तारखेला येते आहे. त्यांनी मला लेखी विचारलंय, सत्त्याण्णवचा तो लेख लिहिणाऱ्या मुलीचं नाव काय. तुझं नाव दिलं तर तुला बोलावतील, अध्यक्षांची माणसं नाक्यापर्यंत येतील, सासरी दहा जण दहा गोष्टी विचारतील, अंगणवाडीवरही कुणी बोट ठेवील. नाही दिलं तर म्हणतील मॅडमनं गोष्ट रचली, आणि त्यात सपना उघडी पडेल. दोन्ही बाजू तुझ्यासमोर ठेवल्या आहेत, यापुढं मी एक शब्दही ओढून लिहिणार नाही. त्या वेळी तुझ्याबद्दल सगळं आम्ही ठरवलं आणि तुला व्हरांड्यात उभं केलं. एका कार्डावर ‘हो’ किंवा ‘नको’ एवढं लिही. कारण देऊ नकोस. ‘नको’ आलं तर समितीला सांगेन की नाव मला माहीत आहे आणि मी ते देणार नाही. कार्ड आलंच नाही, तरी हेच सांगेन.

तुझीच,
सरिता मॅडम