सुंदरबाईंचा मुक्काम

पाली, मंगळवार

आदरणीय शांतवनदादास धाकट्या मार्थाचा प्रभूमध्ये सलाम. तुझी साखर कशी आहे? वहिनीचे गुडघे? मी बरी आहे. (बरी नाही, पण ते पुढे येईल.) चार वर्षांनी हे अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण तू उचलला नसतास तर वाईट वाटलं असतं, आणि उचलला असतास तर मला बोलता आलं नसतं.

झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या पाळकसाहेबांनी परक्याला घरात घेण्यावर संदेश दिला. मला तो फार लागला. हे गेल्यापासून घरातली दुसरी खाट रिकामीच आहे. मी रोज प्रार्थना करू लागले, की प्रभू, एखादं गरजू माणूस पाठव. (मनात माणूस ठरलेलं होतं: अशक्त, शांत, डोळ्यांत कृतज्ञता.) प्रभूने सुंदरबाई पाठवल्या. सत्तरीच्या, चुकीच्या एसटीत बसलेल्या, एक पाय सुजलेला, आणि फाट्यावर कंडक्टरशी भांडत उतरलेल्या. हात धरून घरी आणलं. मी ख्रिस्ती आहे हे आधीच सांगून टाकलं, मागाहून बोल नको. त्या म्हणाल्या, "म्हंजी नर्सच की." दादा, तीस वर्षं मी नर्सच होते, त्यामुळे वाद घालायला जागा राहिली नाही.

मी पाय शेकला, पट्टी बांधली. त्यांनी त्याच दिवशी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. माझ्या भाकरीला चामडं म्हणाल्या, यांची खाट खिडकीशी सरकवली, आणि शेजारच्या अकबरीभाभींना सांगून आल्या, की नर्सबाई लई घोरती. संध्याकाळी मी प्रार्थनेला बसले की शेजारी येऊन बसायच्या. चौथ्या दिवशी मध्येच म्हणाल्या, "आगं, किती बोलतीस देवाला! त्येला बोलू दे की जरा." पाळकसाहेबांनीसुद्धा मला कधी असं गप्प बसवलेलं नाही. राग आला, पण बसले गप्प. देव काही बोलला नाही. कुकरची शिट्टी झाली. मग तुझ्या आरोहीचं लग्न आठवलं. फोटोसाठी मला स्टेजवर कोणी बोलावलं नाही म्हणून मी न जेवता निघून आले, ते. आणि तू लग्नघर सोडून स्टँडपर्यंत माझ्यामागे धावत आला होतास, तेही. हे दुसरं मी चार वर्षांत देवाला एकदाही सांगितलं नव्हतं.

आता खरं पाप. तिसऱ्याच दिवशी सुंदरबाईंच्या पिशवीत एक चिठ्ठी सापडली होती. त्यांच्या मुलाचा, धारूरच्या त्रिंबकचा, फोन नंबर. मी ती पिठाच्या डब्याखाली ठेवली. आज करू, उद्या करू, पाय तर बरा होऊ दे. (पाय कधी बरा झाला ते नर्सला कळतं, दादा. सहाव्या दिवशी झाला होता.) नवव्या दिवशी फोन केला. दुपारपर्यंत त्रिंबक हजर. दाढी वाढलेली, डोळे लाल. नऊ दिवस एकेका स्टँडवर आईचा फोटो दाखवत फिरत होता बिचारा. आला तो माझ्या पायाच पडला. मला ते सोसेना, मी चिठ्ठीचं सगळं सांगून टाकलं. तो नुसता बघत राहिला. तेव्हा सुंदरबाई खाटेवरून म्हणाल्या, "तिच्याकडं कावून बघतूस? चिठ्ठी हाय हे मला काय ठावं न्हवतं? तुमी समदे रानात जाता, मी दिसभर भिताडाशी बोलती. हितं माणूस व्हतं."

त्रिंबकने मान खाली घातली. मीही. मग तो आईला हळू आवाजात म्हणाला, "चल, आता बोलू." आणि दोघं गेली. त्या संध्याकाळी मी सवयीने दोन कप चहा टाकला आणि दोन्ही मीच प्याले.

वहिनीला सलाम, आरोहीला आशीर्वाद.

तुझी मार्था

ता. क. काल त्रिंबकचा फोन आला. वाटलं, आता ऐकवणार. तर म्हणाला, आई रुसून बसली हाय, तुमी आठ दिवस येऊन जा. मी हो म्हणाले. तू जालन्याहून ये आणि मला धारूरला पोहोचव. या वयात गाड्या बदलणं जमत नाही.

आणखी एक ता. क. जमतं. नोकरीत चाळीस गावं मी एकटीने पालथी घातली आहेत. तरी तू ये.