सांदवाडीतली पंगत

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. विषय एकच : जिनल.
जिनल म्हणजे मागच्या घरातली, कापड दुकानवाल्यांची. तिची गच्ची अन् आमची सांदवाडी, म्हणजे घरामागची मोकळी जागा, मधात फक्त भिंत. काल तिनं स्टेटसला बुलबुलचा फोटो टाकला, खाली लाल दिल. बुलबुल आमच्याच लिंबावर बसलेला. इशारा स्पष्ट आहे.
प्लॅन : घरामागं पाखरं जमवायची. पाखरं आली की ती फोटो काढायला गच्चीवर येणार. पुढचं आपोआप.

३ फेब्रुवारी
व्हिडिओ पाहून फीडर बनवला. कोल्ड्रिंकची बाटली, लाकडी चमचे, तार. बाबांनी विचारलं, हे काय. म्हटलं, पर्यावरण. बाबा म्हणाले, तिकडं वावरात पाखरं टमाटे टोचून राह्यले, हाकलाले माणूस भेटत नाही, अन् आमचे साहेब घरी पंगत घालून राह्यले.
बाबांशी वाद घालायचा नाही, असं ठरवलं. घातला.

५ फेब्रुवारी
पाखरू नाही. एक खार आली, चमचा कुरतडून गेली.

७ फेब्रुवारी
कारण सापडलं. सगळी पाखरं जिनलच्याच गच्चीवर. तिची दादी, प्रेमाबाई, रोज सकाळी ज्वारी टाकते. म्हणजे ही कॉम्पिटिशन आहे.
रागात बाटली भिंतीवर आपटली. मग दुसरी बनवत बसलो. कॉलेजही रागातच सोडलं होतं, पण तो तत्त्वाचा प्रश्न होता. थकवा आला.

९ फेब्रुवारी
नुसत्या धान्यावर कोण येणार? मेनू बदलला : शेंगदाण्याचा चुरा, पपई, शिळा भात. आई म्हणाली, माय जेवली का नाही हे कधी पुसलं नाही तुनं, अन् साळुंकीसाठी पपई चिरून राह्यला. उरलेली पपई चिरली. मोठ्या कामात घरचे असेच बोलतात.

१२ फेब्रुवारी
साळुंक्या!! जिनल बाहेर आली नाही. धीर धरायचा.

१५ फेब्रुवारी
पूर्ण यश. साळुंक्या, होले, चिमण्या, बुलबुल, सगळे आमच्याकडं. भिंतीपलीकडच्या गच्चीवर चिटपाखरू नाही. जिनल दोनदा वर आली अन् कठड्यावरून आमच्या सांदवाडीकडं पाहत राहिली. नजर गंभीर होती. प्रेमात असं होते.
पपई वाढवली.

१७ फेब्रुवारी, दुपार
जिनल आमच्या दारात! मी बनियनवर.
म्हणाली, अंकुर, ते बंद कर. दादीचा नियम आहे, पाखरांनी दाणे टिपले की मगच ती पाण्याचा घोट घेते. तुझ्या पंगतीपायी दादी रोज दुपारपर्यंत उपाशी बसते. आज चक्कर येऊन पडली.
मी म्हटलं, नियम थोडा बदलता येत नाही का?
म्हणाली, तिनं नवऱ्याचं ऐकलं नाही, डॉक्टरचं ऐकलं नाही, अन् तुझ्या बाटलीचं ऐकणार होय? तुले एवढी पाखरं कायले पाहिजेत पण?
म्हटलं, पर्यावरण.
ती म्हणाली, हो का.
गेली. वाईट वाटलं. पण नावानं हाक मारली, हेही खरं.

१८ फेब्रुवारी
पहाटेच फीडर काढला. पाखरं हलेनात. तारेवर बसून पपईची वाट पाहू लागली. निर्लज्ज जात. दादी ज्वारीसमोर बसलेली, जिनल तिचा हात धरून. जिनल ओरडली, अबे पाहत काय राह्यला, हाकल ना!
स्टीलची थाळी अन् पळी घेऊन बडवली. पाखरं उडाली, शेवटी गच्चीवर उतरली. दादीनं पाणी घेतलं. जिनल हसली. मला की थाळीला, नक्की नाही. मलाच.

१९ फेब्रुवारी
पाखरं अजून आमच्याच तारेवर, म्हणून सकाळी सहाला उठून थाळी. बाबा म्हणाले, आता आलं तुले खरं काम, चाल वावरात. गेलो नाही. माझं काम वेगळं आहे.

२१ फेब्रुवारी
थाळी. जिनल दिसली नाही. अभ्यास असेल. जोरात वाजवली.

२३ फेब्रुवारी
थाळी. आजही नाही. हात दुखतो, झोप पुरत नाही. उद्या सरळ बोलायचं. पहिलं वाक्य तयार आहे, दुसऱ्यावर काम चालू.

२४ फेब्रुवारी
इस्त्रीचा शर्ट घालून थाळी वाजवली. दादी कठड्याशी आली. म्हणाली, बेटा अंकुर, जुग जुग जी. म्हटलं, जिनल घरी आहे का? दादी म्हणाली, ती तं शुक्रवारीच पुण्याले गेली, सीएच्या क्लासले. आता दिवाळीलेच येईल. मी म्हटलं होतं, माझ्या पाखरांचं कसं होईल? तं म्हणे, चिंता कायले करतं दादी, अंकुर आहे ना, त्याले काय काम आहे.
मग म्हणाली, फक्त थोडी हळू वाजव बेटा, डोकं दुखते.
दिवसभर झोपून राहिलो. उद्या उठायचंच नाही, ठरवलं. मग ती म्हातारी ज्वारीसमोर बसलेली डोळ्यापुढं आली. सहाचा अलार्म लावला.
हळू वाजवायची.