यंदा खेळणी नकोत

३ डिसेंबर

खारूच्या आईचा फोन. घटस्फोटानंतर आमचं बोलणं कामापुरतंच, तिने दुसरं लग्न केल्यापासून तर तेही कमीच. नाताळला लेक येईल, पण दोन दिवस राहायचं की संध्याकाळीच परतायचं हे यंदा तिचं ती ठरवणार म्हणे. "तेरा वर्षांची झालीये. मी जबरदस्ती करणार नाही." बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार! मग फोन ठेवता ठेवता – यंदा खेळणी आणू नकोस, मागच्या वर्षीचं ते बाहुलीचं घर खोक्यातच पडलंय.

ते घर! लाकडी, दोन मजली, जिन्याला कठडा, स्वयंपाकघरात नखाएवढी किटली. किती दुकानं पालथी घातली होती त्यासाठी. "छान आहे," म्हणाली होती ती, आणि मी आपला खूश. खुळा माणूस.

५ डिसेंबर

खरं सांगायचं तर मला भेटवस्तूची नाही, त्या दोन दिवसांची काळजी आहे. उन्हाळ्याची सुट्टी आणि नाताळ, एवढंच माझ्या वाट्याला. उन्हाळ्यात ती पोहण्याच्या शिबिराला गेली. आता हेही सुटलं की मी कोण? वाढदिवसाला फोन करणारा एक गृहस्थ.

६ डिसेंबर

काही सुचत नाही. भाजी करपली.

८ डिसेंबर

एवढी वर्षं डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतोय. लोक बसमध्ये काय विसरत नाहीत! तेरा वर्षांच्या मुलींकडे काय काय असतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असायला हवं? आज मुद्दाम मांडणीवर शोधलं. इयरफोन, केसांचे रबर, एकच मोजा, अर्धी वापरलेली लिपस्टिक. लिपस्टिक उघडून बघितली, परत बंद केली. खारू लावते का? मला माहीत नाही. कुणाला विचारायचं तेही माहीत नाही.

शेवटी मामींना विचारलं. मामी म्हणजे पासाच्या खिडकीवरच्या बाई, अख्खा डेपो त्यांना मामी म्हणतो. त्यांच्या तीन मुली. म्हणाल्या, त्या वयात पोरींना बापाकडून एकच गोष्ट हवी असते, त्याने खोलीबाहेर जावं आणि जाताना दार ओढून घ्यावं. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. इथे दार ओढून घ्यायला सांगणारं कुणी नाही.

१२ डिसेंबर

सुट्टी. बाजारात वणवण. अत्तरं हुंगून हुंगून डोकं उठलं. घड्याळ बघितलं, पण आताची मुलं वेळ फोनवर बघतात. मग म्हटलं स्वेटर घ्यावा. दुकानातल्या पोरीने विचारलं, केवढी आहे मुलगी? मी हात छातीशी धरून दाखवला. मग जरा वर नेला. मग आणखी जरा. पोरगी शहाणी, तिने स्वेटर परत घडी करून ठेवला.

हात हलवत घरी.

१५ डिसेंबर

मिळाली! चाकांची बॅग. निळी, हलकी, आतून पिवळं अस्तर, कप्पेच कप्पे. येते तेव्हा बिचारीचं शाळेचं दप्तर फुटायला आलेलं असतं, वर हातात प्लॅस्टिकची पिशवी. आता स्वतःची बॅग, स्वतः भरेल. मोठ्या माणसासारखी. घेऊनच टाकली. आज पहिल्यांदा बरं वाटतंय!

१६ डिसेंबर

मामी म्हणाल्या, "अरे, लेकीला बॅग देतोस? ये म्हणतोयस की जा?"

झालं. दिवसभर डोक्यात भुंगा.

१७ डिसेंबर

ये म्हणतोय. जायची बॅग तीच यायची. बदलायची नाही.

१९ डिसेंबर

हसावं की रडावं! दुकानात बॅगेवर नाव घालून देतात, म्हणून बॅग घेऊन निघालो. बसमध्ये विचार करत बसलो – "खारू" घालावं की खरं नाव? मैत्रिणींसमोर खारू म्हणू नकोस असं ती मागच्या खेपेला म्हणाली होती. पण खरं नाव तर शाळेत सगळेच घेतात, माझं असं काय उरलं? निर्णय होईना. दुकानाच्या स्टॉपवर उतरलो, बस गेली, आणि हात रिकामा!

बॅग बसमध्ये. मी! जन्मभर दुसऱ्यांना "जरा लक्ष ठेवत जा" म्हणणारा मी!

२० डिसेंबर

सकाळी कंडक्टरने आणून ठेवली. माझ्याच खिडकीत. मी म्हटलं माझी आहे, तर सगळा डेपो गोळा झाला गंमत बघायला. नवे साहेब नियमाचे पक्के. म्हणाले, आत काय आहे ते सांगा आणि घेऊन जा. हा नियम मीच लोकांना ऐकवत आलोय.

काही नाही, म्हटलं.

"रिकामी बॅग घेऊन कोण फिरतं?"

मुलीसाठी आहे, नाताळची भेट. मग साहेबांनी सहज विचारलं, बोलायचं म्हणून, कितवीत आहे? आणि मी आठवायला लागलो. आठवी की सातवी? एक वर्ष उशिरा घातली होती ना शाळेत... मामी हसत होत्या त्या पुढे आल्या. त्यांनीच मग सांगितलं, मी ओळखते ही बॅग, द्या त्याला.

बॅग मिळाली. आठवीत आहे ती. नंतर बोटांवर मोजलं.

नाव घातलं नाही.

२३ डिसेंबर

घर आवरलं. तिच्या पलंगावर इस्त्रीचे कपडे साठले होते, तो मोकळा केला. नवी उशी आणली. कुणी राहील न राहील.

२५ डिसेंबर

आली! एकटी, बसने. स्वेटरवाल्या पोरीला दाखवला होता त्याहून बराच वर हात न्यावा लागला असता. माझ्या कानाला लागते.

बॅग उघडली. सगळे कप्पे उघडून बघितले, चेन वरखाली केल्या, पॅसेजमधून फिरवून आणली. "बाबा, ही भारी आहे." खरं म्हणाली, की "छान आहे"सारखंच? पण मग दप्तरातले कपडे काढून बॅगेत रचत बसली, तेव्हा जीव भांड्यात पडला. उद्या संध्याकाळी जाणार. राहतेय!

जेवताना मात्र नुसता भात चिवडत होती. एक विचारायचंय म्हणाली, मग म्हणाली उद्या विचारते. विचारू दे. काय हवं ते मागू दे, नाही म्हणणार नाही.

आत ती झोपलीये. घरात दुसऱ्या कुणाचा तरी श्वास आहे.

२६ डिसेंबर

तिच्या आईला बाळ होणार आहे. एप्रिलमध्ये. मला कसं सांगावं ते तिकडे कुणालाच कळेना, म्हणून खारूने ते काम स्वतःकडे घेतलं. चहा पिताना सांगितलं, कपात बघत. मग म्हणाली, "बाबा, त्याचं पहिलं खेळणं तू निवडशील? तुझ्याइतकं चांगलं कुणालाच जमत नाही."

हो म्हटलं.

दुपारी दोघं दुकानात गेलो. सगळे खुळखुळे एकेक करून वाजवून बघितले, आणि त्यातला हळू वाजणारा घेतला.