सुमनची सही

मंगळवार, संध्याकाळ

सुमनचे वडील इथलं घर विकून परळीला चाललेत. डोकंच फिरलं. तडक बीडला दस्त लिहिणाऱ्या काकांकडं गेलो. विचारलं, घर तिच्या पणजोबापासूनचं, मग विकताना पोरीची सही लागते का?

"लागते की! तिचाबी वाटा असतो. पण आपल्याकडं पोरीला साडी देऊन सही घेतेत, कोन विचारतंय?"

म्हणजे एका सहीवर व्यवहार अडतो? तसाच परत येऊन सुमनला सांगितलं, सही करू नकोस.

ती हसली. "कॉलेज सोडून वकील झालास व्हय? पर बरं सांगितलंस. आता साडीवर न्हाई भागायचं. परळीला नवं घर घेतील, त्यावर माझंबी नाव लावा म्हणते बाबांना, मगच सही."

म्हणजे जाणारच. परळीत भाड्यानं खोली घ्यायला कोणते कागद लागत असतील?