टेलरला धीर देताना

३ मार्च
मनाच्या आजारातून सावरणाऱ्या माणसाशी दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर बोलायचं, असं सेवाकार्य पत्करलं. आज ट्रेनिंग. संस्थेच्या समन्वयक बाई एकच पालुपद आळवत होत्या: सल्ले देऊ नका, ऐका, काही खटकलं तर मला कळवा. नवख्यांसाठी ठीक आहे. मी जन्मभर सेल्समध्ये होतो. नको असलेले वॉटर प्युरिफायर लोकांच्या गळ्यात मारलेत. उमेद काय, सहज खपवीन.

६ मार्च, संध्याकाळ
पहिला कॉल. माणूस टेलर. नैराश्यामुळे दुकान बंद पडलं. हॉस्पिटलमधून आल्यापासून थोरल्या बहिणीकडे राहतो, घरीच थोडंफार शिवतो. हे सगळं फाइलमध्ये होतं, त्यामुळे त्याला विचारण्यात वेळ गेला नाही. भरपूर बोललो. नंतर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, समोर कुणी होतं का? हिला सेवेतलं काही कळत नाही.

१३ मार्च
टेलर म्हणाला, साहेब, झोप लागत नाही. लागेल कशी? मी विचारच तसे दिलेत. पहाटे उठण्याचे फायदे सांगितले.

२० मार्च
मोठं यश! त्याने गोळ्या बंद केल्या. सुस्ती येते म्हणे, काजं करताना हात चालत नाही. मी म्हटलं, वा! याला म्हणतात इच्छाशक्ती. तो पुढे काहीतरी सांगत होता, पण माझा मुद्दा अर्धवट राहिला असता. बाईंना आत्ताच नको कळवायला. रिपोर्टमध्ये एकदम सरप्राइज देऊ.

२७ मार्च
आज त्याने कॅमेरा बंद ठेवला. लाजाळू. एकदाही मध्ये बोलला नाही. इतका शिस्तीचा श्रोता मला कंपनीतही मिळाला नव्हता.

२८ मार्च
बहिणीचा बाईंना फोन, बाईंचा मला. टेलर दोन-तीन दिवस अंथरुणातून उठला नव्हता, जेवला नव्हता. काल बहीण खोलीत गेली, तर फोनमध्ये मी बोलत होतो आणि हा भिंतीकडे तोंड करून रडत होता. तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं.
बाईंनी विचारलं, गोळ्यांचं तुम्हाला माहीत होतं? मी म्हटलं, तसं स्पष्ट काही... बाई म्हणाल्या, होतं की नव्हतं?
होतं.
हिने माझं ताट वाढलं आणि आत निघून गेली. तेच जास्त लागलं.

४ एप्रिल
राजीनामा लिहिला. 'संस्थेला माझी किंमत कळली नाही' हे वाक्य खोडलं. मग खाली काही उरलंच नाही. पाठवला नाही. काम अर्ध्यावर सोडणं माझ्या रक्तात नाही.

१७ एप्रिल
टेलर सावरतोय. गोळ्या सुरू, झोपही लागते. त्याने बाईंना सांगितलं, साहेबच राहू देत, माणूस वाईट नाही. मला खात्री होतीच! अट एकच: साहेबांचा माइक बंद.
तांत्रिक कारण असावं.

१९ एप्रिल
कॉल झाला. माइक बाईंनीच बंद केला.
तो बोलत होता. कापड कापायला घेतलं की हात थांबतो म्हणाला. वाटतं, चुकलं तर परत जोडता येणार नाही. मला यावर लागलीच तीन उपाय सुचले. गिळले. मग त्याने कॅमेऱ्यासमोरच निळं कापड पसरलं, खडूने रेघ मारली, कात्री उचलली. बराच वेळ तशीच धरून ठेवली. मीही श्वास रोखून. आणि मग कापलं. सरळ.
हसला. म्हणाला, साहेब, आज कुठे आपलं बोलणं झालं.
मी उत्तर दिलं. ते त्याला ऐकू गेलं नाही.